लास वेगास कुणी उभं केलं? बोलून ठेवलेला इतिहास समजून घेताना

अमेरिकेतल्या लास वेगासजवळच्या हूवर धरणाचं काम १९३१ साली सुरू झालं. या कामाच्या काळात ४२ कामगारांच्या मृत्यूपुढे ‘न्यूमोनिया’ असं कारण लिहिलेलं आहे. कोलोरॅडो नदी वळवण्यासाठी डोंगराच्या पोटातून चार मोठे बोगदे खणले जात होते. आतली उष्णता साठ अंश सेल्सिअसच्या घरात जायची, आणि त्याच बोगद्यांतून पेट्रोलवर चालणारे ट्रक दगडमाती बाहेर काढायचे. नेवाडा राज्याच्या खाण कायद्याप्रमाणे जमिनीखाली अशी वाहनं चालवायला बंदी होती. ठेकेदार कंपनी कोर्टात गेली आणि ट्रक चालत राहिले. माणसं चक्कर येऊन पडायची, त्यांना उचलून बाहेर आणावं लागायचं. त्यांतली काही परत कामावर आलीच नाहीत. त्यांच्या सोबत्यांचं म्हणणं एकच होतं : हा ट्रकचा धूर आहे, कार्बन मोनॉक्साइड आहे. कागदावर मात्र न्यूमोनिया.

कामावर मेलेल्यांचा अधिकृत आकडा ९६ आहे. त्यात हे ४२ जण नाहीत. पुढे अभ्यासकांनी नोंदी तपासल्या, तेव्हा असं दिसलं की धरणाच्या काळात बोल्डर सिटी या कामगार-वसाहतीत, कामगार नसलेल्या एकाही माणसाचा मृत्यू न्यूमोनियानं झाल्याची नोंद नाही. बायका, मुलं, दुकानदार यांना सोडून फक्त धरणावर जाणाऱ्यांना गाठणारा न्यूमोनिया असू शकत नाही. १९३६ साली कंपनीनं, धुराची बाधा झाली म्हणून दावा लावलेल्या पन्नास फिर्यादींशी कोर्टाबाहेर तडजोड केली आणि रक्कम गुप्त ठेवली.

ही गोष्ट आधी सांगितली, कारण ‘मौखिक इतिहास’ म्हटलं की एक शंका लगेच येते : म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी, त्यांच्यावर किती विश्वास ठेवायचा? कागद तरी खरा असतो. इथे कागद खोटा होता आणि आठवण खरी होती. नेहमी असंच होतं असा माझा दावा नाही. पण कागदही कुणीतरी, कुठल्यातरी हेतूनं लिहिलेला असतो, हे एकदा मनावर ठसलं की पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

मौखिक इतिहास म्हणजे नेमकं काय

एखादी घटना स्वतः जगलेल्या माणसाशी तयारीनं, सावकाश बोलून, ते बोलणं ध्वनिमुद्रित करून, त्याचं शब्दांकन करून, पुढच्या पिढ्यांना वापरता येईल अशा जागी ठेवणं, म्हणजे मौखिक इतिहास. यातला प्रत्येक तुकडा महत्त्वाचा आहे. ‘स्वतः जगलेल्या’ म्हटल्यामुळे दंतकथा आणि ऐकीव गोष्टी बाजूला पडतात. ‘तयारीनं’ म्हटल्यामुळे ओट्यावरच्या गप्पा बाजूला पडतात, कारण मुलाखत घेणाऱ्यानं त्या काळाची वर्तमानपत्रं, नकाशे, जुने खटले आधी वाचलेले असावे लागतात. आणि ‘पुढच्या पिढ्यांसाठी’ म्हटल्यामुळे ही पत्रकाराची मुलाखतही राहत नाही. पत्रकाराला उद्याच्या अंकासाठी चार वाक्यं हवी असतात. मौखिक इतिहास नोंदवणाऱ्याला अख्खं आयुष्य हवं असतं, तेही अजून जन्माला न आलेल्या वाचकासाठी.

आधुनिक पद्धतीची सुरुवात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९४८ साली झाली असं मानतात. तेव्हा तिथे मुख्यतः मोठ्या माणसांच्याच आठवणी नोंदवल्या जात : मंत्री, सेनापती, उद्योगपती. नंतरच्या दोन-तीन दशकांत रोख बदलला. ज्यांनी पत्रं लिहिली नाहीत, ज्यांची डायरी नाही, ज्यांच्या नावावर जमीन नाही, अशांपर्यंत ध्वनिमुद्रणाचं यंत्र नेलं पाहिजे, असा विचार पुढे आला.

आपल्याकडे हा विचार परका नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बखरीत ज्या बाईचं नाव कधी आलं नसतं, तिचं सासर, तिची भूक, तिचा भाऊ त्या ओव्यांत आहे. गिरणगावात नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणी कामगारांना बोलतं केलं, तेव्हा चाळी आणि चिमण्या पडायला लागल्या होत्या. लास वेगासचा मामला या दुसऱ्या उदाहरणाच्या फार जवळचा आहे, कारण तेही स्वतःला पाडत वाढलेलं शहर आहे.

पाडत वाढलेलं शहर

‘लास वेगास’ या स्पॅनिश शब्दांचा अर्थ कुरणं. मोहावी वाळवंटात जमिनीतून आपोआप पाणी वर येणारे झरे होते, त्यांच्याभोवती गवत होतं. सदर्न पायूट हे तिथले मूळ रहिवासी, आणि त्यांच्या कितीतरी पिढ्या या पाण्यावर जगल्या. १९०५ च्या मे महिन्यात रेल्वे कंपनीनं भर उन्हात जमिनीचे तुकडे लिलावात विकले आणि गाव झालं. पायूट लोकांच्या वाट्याला १९११ साली दहा एकर जमीन आली.

१९३१ हे वर्ष दोन कारणांनी निर्णायक ठरलं. राज्यानं जुगार कायदेशीर केला, आणि गावापासून पन्नास किलोमीटरवर धरणाचं काम सुरू झालं. मंदीचा काळ होता. काम मिळेल या आशेनं देशभरातून माणसं आली आणि नदीकाठी फडकी, पत्रे, खोकी यांच्या झोपड्या घालून राहिली. त्या वस्तीला ‘रॅगटाउन’ म्हणत, म्हणजे चिंध्यांचं गाव. तिथे राहिलेल्या बायकांच्या आठवणी पुढे म्हातारपणी नोंदवल्या गेल्या. लेकरांना ओल्या चादरीत गुंडाळल्याशिवाय ती झोपायची नाहीत, ही आठवण कुठल्याही अभियंत्याच्या अहवालात नाही. हूवर धरणावर शेकडो पानी तांत्रिक अहवाल आहेत. त्या ओल्या चादरीनं मला त्या उन्हाळ्याबद्दल जे सांगितलं, ते तापमानाच्या तक्त्यानं सांगितलं नाही.

१९४० साली शहराची लोकसंख्या ८,४२२ होती. १९६० साली ६४,४०५. २०२० च्या जनगणनेत ६,४१,९०३, आणि आजूबाजूचा क्लार्क परगणा धरला तर बावीस लाखांच्या वर. (गंमत अशी की ज्या झगमगत्या रस्त्याला सगळं जग लास वेगास समजतं, तो ‘स्ट्रिप’ बहुतांशी कायदेशीर शहरहद्दीच्या बाहेर, परगण्याच्या अखत्यारीत येतो.) इतक्या वेगानं वाढताना शहरानं आपल्याच इमारती, म्हणजे मोठमोठी हॉटेल-कॅसिनो, सुरुंग लावून पाडल्या. ड्यून्स १९९३ मध्ये, सँड्स १९९६ मध्ये, स्टारडस्ट आणि फ्रंटियर २००७ मध्ये, ट्रॉपिकाना २०२४ मध्ये. पाडायचा दिवस ठरवून, आतषबाजी करून, गर्दी जमवून.

म्हणजे वाडे, देवळं, दगडी पूल यांच्याकडे बघून शहराचं वय ओळखायची जी आपली सवय, ती तिथे चालत नाही. जिथे घटना घडली ती जागाच नसते. मग उरतात त्या जागेत काम केलेली माणसं. त्यामुळे या शहरात मौखिक इतिहास हा पुस्तकांना जोड म्हणून केलेला छंद राहत नाही, तो मूळ पुरावाच होतो. नेवाडा विद्यापीठाच्या रेनो शाखेनं हे काम १९६०च्या दशकात सुरू केलं, आणि लास वेगास शाखेच्या ग्रंथालयात २००३ साली स्वतंत्र मौखिक इतिहास केंद्र उभं राहिलं. क्लेटी व्हाइट या त्याच्या पहिल्या संचालक. त्यांचा स्वतःचा अभ्यास हॉटेलांत आणि कॅसिनोंत राबलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांवरचा. केंद्राचा रोख पहिल्यापासून कुठे होता, हे यावरून कळतं.

रुळांच्या पलीकडचे लोक

दुसऱ्या महायुद्धात लास वेगासजवळ मॅग्नेशियमचा प्रचंड कारखाना उभा राहिला. मजूर हवे होते. आर्कान्सामधलं फोर्डाइस आणि लुइझियानामधलं टलूला या दोन छोट्या गावांतून कृष्णवर्णीय कुटुंबं निघाली. कापूस आणि लाकूड यांवर जगणारी ही गावं. एकानं जाऊन पत्र पाठवलं, मग भाऊ गेला, मग मेहुणी, मग शेजारी. कोकणातून मुंबईला माणसं जशी गाववार गेली, तशीच ही वाट. १९४० साली शहरात दोनशेहूनही कमी कृष्णवर्णीय होते, दहा वर्षांत ते हजारोंनी झाले.

त्यांना राहायला मिळाली रेल्वे रुळांच्या पश्चिमेची वस्ती, वेस्टसाइड. रस्ते कच्चे, गटारं नाहीत, कित्येक घरांत नळ नाही. गावाच्या मध्यभागी ज्यांची दुकानं होती, त्यांनाही परवाने नव्यानं हवे असतील तर पश्चिमेला जा, असं सांगितलं गेलं. स्ट्रिपवरच्या हॉटेलांत या लोकांना काम होतं, पण ते मागच्या बाजूला : स्वयंपाकघर, धुलाई, खोल्यांची साफसफाई. ग्राहक म्हणून पुढच्या दारानं आत येता येत नव्हतं. ही मनाई नामवंतांनाही लागू होती. सॅमी डेव्हिस ज्युनियर, नॅट किंग कोल, लीना हॉर्न यांनी रात्री मंचावर गायचं, टाळ्या घ्यायच्या आणि झोपायला रुळांपलीकडच्या खाणावळीवजा घरांत यायचं. या शहराला तेव्हा ‘पश्चिमेचं मिसिसिपी’ म्हणत, कारण दक्षिणेतलं मिसिसिपी राज्य वर्णभेदासाठी कुप्रसिद्ध होतं.

आता इथे मौखिक इतिहासाची एक अवघड बाजू दिसते. वेस्टसाइडच्या जुन्या रहिवाशांच्या मुलाखती वाचायला घेतल्या, तर त्यांत नुसतं दुःख सापडत नाही. त्यांत जॅक्सन स्ट्रीटवरची दुकानं, क्लब, चर्च, एकमेकांच्या मुलांना रागावणारे शेजारी, रविवारचे कपडे हेही तेवढ्याच भरानं येतं. बाहेरून येणाऱ्याला वाटतं, ही भूतकाळाची रंगरंगोटी आहे. मला तसं वाटत नाही. माणसावर अन्याय होत असतानाही तो दिवसाचे चोवीस तास फक्त अन्याय भोगत नसतो, तो संसार करत असतो. जनगणनेच्या तक्त्यात ‘नळ नसलेली घरं’ एवढंच दिसतं. त्या घरात काय शिजत होतं, ते बोलण्यातूनच कळतं.

१९५५ च्या मे महिन्यात वेस्टसाइडच्या कडेला ‘मुलाँ रूज’ उघडलं. काळे-गोरे सगळ्यांना खुलं असलेलं शहरातलं हे पहिलं हॉटेल-कॅसिनो. रात्री उशिरा स्ट्रिपवरचे कलाकार तिथे जमायचे. ते जेमतेम सहा महिने चाललं. पण पुढच्या एका प्रसंगाला त्याचंच नाव चिकटलं, आणि हा प्रसंग मौखिक इतिहास समजून घ्यायला फार उपयोगी आहे.

एकाच दिवसाच्या तीन गोष्टी

जेम्स मॅकमिलन हे शहरातले कृष्णवर्णीय दंतवैद्य आणि तिथल्या नागरी हक्क संघटनेचे अध्यक्ष. १९६० च्या मार्चमध्ये त्यांनी महापौर ओरान ग्रॅगसन यांना इशारा दिला : २६ मार्चपर्यंत हॉटेलांनी भेदभाव थांबवला नाही, तर स्ट्रिपवर मोर्चा काढू. शहराचं पोट पर्यटकांवर. टीव्हीवर मोर्चा दिसला तर धंदा बसणार. २६ मार्चला बंद पडलेल्या मुलाँ रूजमध्ये बैठक झाली, मोर्चा रद्द झाला, आणि बहुतेक हॉटेलांनी दारं उघडली. पाठ्यपुस्तकात याला ‘मुलाँ रूज करार’ म्हणतात.

पण करार झाला कुणामुळे? एका आवृत्तीत श्रेय जातं वृत्तपत्रमालक हँक ग्रीनस्पन यांच्या मध्यस्थीला. दुसरीत राज्यपाल आणि महापौर यांच्या समजूतदारपणाला. मॅकमिलन यांनी म्हातारपणी आपली दीर्घ मुलाखत नोंदवली, तेव्हा तिसरंच सांगितलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे खरी बोलणी त्याआधीच झाली होती. वेस्टसाइडमधल्या एका कृष्णवर्णीय कॅसिनोमालकानं, ऑस्कर क्रोझियरनं, स्ट्रिपवरच्या मालकांपर्यंत निरोप नेला, उत्तर आणलं, आणि मालकांनी तोट्या-फायद्याचा हिशेब करून होकार दिला. मुलाँ रूजमधल्या बैठकीत काही ठरलं नव्हतं, आधी ठरलेलं तिथे सांगितलं गेलं. म्हणजे ज्याला ‘मुलाँ रूज करार’ म्हणतात, तो मुलाँ रूजमध्ये झालाच नाही.

मग खरं काय? नवखा वाचक इथे वैतागतो. मौखिक इतिहासाचा अभ्यासक इथे कामाला लागतो. तो आधी पाहतो, कोण कुठे उभा होता. वृत्तपत्रमालकाला बैठक दिसली, कारण तो बैठकीत होता. क्रोझियरचा निरोप फक्त मॅकमिलनना दिसला. मग तो पाहतो, कुठली आवृत्ती कुणाला सोयीची आहे. समजूतदार पुढाऱ्यांनी शहाणपणानं प्रश्न सोडवला, ही गोष्ट शहराला आवडणारी आहे. जुगाराचे मालक नुकसानीच्या भीतीनं नमले, ही तेवढी आवडणारी नाही. शेवटी तो कागद तपासतो : त्या आठवड्याची वर्तमानपत्रं, पत्रव्यवहार. तिन्हींमधून एकच एक सत्य निघेलच असं नाही. पण त्या दिवशी सत्ता नेमकी कुणाच्या हातात होती, हे मॅकमिलन यांच्या मुलाखतीशिवाय आपल्याला कळलंच नसतं.

आठवण चुकते, आणि तरी उपयोगी असते

पुण्यातल्या जुन्या माणसाला एखाद्या लग्नाचं साल विचारा. तो आकडा सांगणार नाही. ‘पानशेतच्या आदल्या उन्हाळ्यात’ असं सांगेल. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं आणि तेव्हापासून एका पिढीची कालगणना त्या पुराभोवती फिरत राहिली. साताऱ्या-कराडकडे हेच काम कोयनेचा भूकंप करतो. आठवण सनावळीनं चालत नाही, ती धक्क्यांनी चालते. लास वेगासमध्येही ‘धरणाच्या आधी’, ‘हॉटेलं आम्हाला उघडली त्यानंतर’ अशी मापं येतात. म्हणून चांगला मुलाखतकार ‘कुठल्या साली?’ असं विचारत नाही. तो विचारतो, ‘तेव्हा तुम्ही कुठल्या घरात राहत होता?’ घर आठवलं की साल मागोमाग येतं.

तरी चुका होतातच. याचं एक उदाहरण इटलीतलं आहे. अलेस्सांद्रो पोर्तेली या अभ्यासकानं तेर्नी या पोलाद-कारखान्याच्या गावात कामगारांना लुइजी त्रास्तुल्ली नावाच्या तरुण कामगाराच्या मृत्यूबद्दल विचारलं. तो १९४९ साली, इटलीच्या नाटो-प्रवेशाविरुद्धच्या निदर्शनात पोलिसांकडून मारला गेला. कागद स्पष्ट आहेत. पण बऱ्याच कामगारांनी सांगितलं की तो १९५३ साली, कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात मेला. एकाची चूक समजू शकते. इतक्या जणांची एकसारखी चूक कशी? पोर्तेलीचं उत्तर असं : सोबती मारला गेला आणि आपण काही करू शकलो नाही, ही बोचणी कामगारांना पेलत नव्हती. १९५३ साली ते खरोखर रस्त्यावर उतरून लढले होते. आठवणीनं त्याचा मृत्यू उचलून तिथे नेऊन ठेवला, जिथे त्याला अर्थ मिळत होता. तारीख चुकली, पण त्या चुकीनं गावाच्या मनात काय सलत होतं ते उघड केलं. तारखेसाठी कागद आहेतच.

लास वेगासमध्ये असं एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येतं : ‘माफियांच्या काळात शहर चांगलं होतं’, म्हणजे कित्येक कॅसिनो गुन्हेगारी टोळ्यांच्या हातात होते तेव्हा. जुने रहिवासी सांगतात, मालक नावानं ओळखायचे, जेवण स्वस्त होतं, कुणी अडलं तर मदत व्हायची. मग १९६०च्या दशकाअखेर कंपन्या आल्या आणि माणुसकी गेली. हे वाक्य खोटं म्हणून फेकून देता येत नाही, कारण ते मनापासून म्हटलेलं असतं. पण त्याच्या शेजारी वेस्टसाइडमधल्या एखाद्या बाईची मुलाखत ठेवावी लागते. तीच वर्षं, तीच हॉटेलं, आणि त्या बाईला पुढच्या दारानं आत जाता येत नव्हतं. दोन्ही मुलाखती खऱ्या आहेत. पहिली एकटी ठेवली तर मात्र खोटं चित्र तयार होतं. म्हणून मौखिक इतिहासात एक सुंदर मुलाखत पुरत नाही, संग्रह लागतो, आणि संग्रहात कुणाला घेतलं हा निर्णयच निम्मा इतिहास ठरवतो.

ज्या बायकांनी शहर बदललं

कॅसिनोमालकांची चरित्रं खूप आहेत. ती वाचून असं वाटतं की शहर चार-सहा धाडसी पुरुषांनी उभारलं. मुलाखतींच्या संग्रहातून दुसरी माणसं पुढे येतात. सॅरन नाइट प्रेडी १९४२ साली इथे आल्या, आणि नेवाडात जुगारघराचा परवाना मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या.

रूबी डंकन टलूलातून आलेल्या, कापसाच्या शेतात वाढलेल्या. हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करताना पडून पाठीला इजा झाली आणि पदरी मुलं असताना सरकारी मदतीवर राहायची वेळ आली. १९७१ च्या सुरुवातीला राज्यानं गैरव्यवहाराचा आरोप ठेवून हजारो माता-मुलांची मदत तोडली किंवा कमी केली. ६ मार्च १९७१ ला डंकन आणि त्यांच्यासोबतच्या आया मोर्चा घेऊन स्ट्रिपवर गेल्या आणि थेट सीझर्स पॅलेस कॅसिनोच्या आत शिरल्या. जुगार थांबला. त्याच महिन्यात संघराज्याच्या न्यायाधीशानं मदत पूर्ववत करायचा आदेश दिला. पुढच्या वर्षी या बायकांनी ‘ऑपरेशन लाइफ’ नावाची संस्था काढली, वेस्टसाइडमध्ये दवाखाना आणि ग्रंथालय आणलं. शाळा पुरी न झालेल्या बायकांनी सरकारी अर्ज, अंदाजपत्रक, नियमावली यांचा अभ्यास कसा केला, हे त्यांच्याच तोंडून ऐकण्यासारखं आहे. बाहेरच्यांनी लिहिलेल्या बातमीत त्या फक्त ‘मदतीवरच्या बायका’ आहेत.

हॅटी कँटी अलाबामाहून आलेल्या. नवरा वारल्यावर मोठा संसार ओढत त्यांनी हॉटेलच्या खोल्या साफ करायचं काम धरलं. १९९० साली त्या हॉटेल कामगारांच्या ‘कलिनरी’ संघटनेच्या स्थानिक शाखेच्या अध्यक्ष झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. त्यांच्याच काळात, २१ सप्टेंबर १९९१ ला फ्रंटियर हॉटेलचे ५५० कामगार संपावर गेले. संप चालला सहा वर्षं, चार महिने आणि दहा दिवस. दारावर चोवीस तास पहारा असे. संपातला एकही जण फुटला नाही. या काळात संपकऱ्यांच्या घरी शंभरावर बाळं जन्मली. गिरणी संपाच्या आठवणी घरात ऐकलेल्या वाचकाला हा आकडा वाचून गलबलून येईल, कारण संप म्हणजे मुलाबाळांचा रोजचा घास हे त्याला ठाऊक असतं. १९९८ मध्ये कामगार जिंकून परत कामावर गेले. नऊ वर्षांनी फ्रंटियरची इमारत पाडली गेली.

जे बोलायचीच बंदी होती

शहराच्या वायव्येला सुमारे शंभर किलोमीटरवर अणुचाचणी क्षेत्र आहे. २७ जानेवारी १९५१ ला तिथे पहिला बॉम्ब टाकला गेला. १९९२ पर्यंत एकूण ९२८ चाचण्या झाल्या, त्यांतल्या सुमारे शंभर उघड्या आकाशाखाली. पहाटेचा झोत लास वेगासमधून दिसायचा, आणि हॉटेलं पाहुण्यांना तो बघायला बोलवायची. तिथे काम करणाऱ्यांनी घरीसुद्धा कामाबद्दल बोलायचं नाही अशी शपथ होती. बायकांना नवरा काय करतो ते माहीत नसायचं.

२००३ ते २००८ या काळात विद्यापीठानं या जागेशी संबंध असलेल्या दीडशेहून अधिक लोकांच्या मुलाखती घेतल्या. या संग्रहाची निवड मला आदर्श वाटते. त्यात वैज्ञानिक आहेत, बोगदे खणणारे आहेत, सैनिक आहेत, कुटुंबीय आहेत. चाचण्यांविरुद्ध कुंपणाशी बसलेले निदर्शक आहेत. वाऱ्याच्या दिशेला राहून किरणोत्सर्गाची धूळ अंगावर घेतलेले आहेत. आणि वेस्टर्न शोशोनी हे तिथले मूळ रहिवासी आहेत, जे अमेरिकी सरकारशी झालेल्या १८६३ च्या रूबी व्हॅली तहाचा दाखला देऊन म्हणतात की ही जमीन आम्ही कधी दिलीच नव्हती. बोगद्यातला कामगार अभिमानानं सांगतो की आम्ही देश राखला. शोशोनी माणूस सांगतो की आमची भूमी जखमी केली. मुलाखत घेणाऱ्यानं दोघांनाही पुरतं बोलू दिलं, कुणाला खोडून काढलं नाही. हे फार कठीण काम आहे.

यंत्र चालू झाल्यावर

प्रत्यक्षात हे कसं घडतं, तेही थोडक्यात सांगतो. मुलाखत शक्यतो त्या माणसाच्या घरी किंवा त्याला मोकळं वाटेल अशा जागी होते, तास-दीड तासाची, गरज पडली तर अनेक बैठकींत. प्रश्न छोटे आणि उघडे असतात. सगळ्यात जड जातं ते गप्प बसणं. माणूस थांबला की आपण मधे बोलतो, आणि तो जे सांगणार होता ते हरवतं. नंतर शब्दांकन होतं, ते निवेदकाला, म्हणजे आठवण सांगणाऱ्याला, वाचायला देतात, तो चुका दुरुस्त करतो. संमतीपत्रावर सही होते. काही भाग अमुक वर्षं बंद ठेवा, असं निवेदक सांगू शकतो आणि ते पाळलं जातं. आठवण ज्याची, तिच्यावरचा पहिला हक्कही त्याचाच. मग ते सगळं ग्रंथालयात जातं. लास वेगासच्या संग्रहातलं बरंच आता इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येतं. अलीकडे त्यात ज्यू, लॅटिनो आणि आशियाई कुटुंबांचे स्वतंत्र संग्रह जोडले गेले आहेत. आज हॉटेलांच्या खोल्या आवरणाऱ्यांत लॅटिनो आणि फिलिपिनो बायका मोठ्या संख्येनं आहेत, त्यांचाही इतिहास वेळेत टिपला जातो आहे.

यांतल्या कितीतरी मुलाखतींची सुरुवात एकसारखी होते. तारीख सांगितली जाते, जागा सांगितली जाते, आणि मग समोरच्याला विनंती केली जाते : कृपया आपलं नाव उच्चारा, आणि एकेक अक्षर सांगा. शब्दांकन करणाऱ्याची चूक होऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू. तीस वर्षं छातीवर फक्त पहिल्या नावाची पट्टी लावून खोल्या आवरलेली बाई थोडी थांबते, आणि आपलं पूर्ण नाव, आडनावासकट, एकेक अक्षर सावकाश सांगते.